सांबारे सरांच्या फोनचा दिवा

दाराच्या चौकटीवर लाल दिवा लावण्यात रघुनाथराव सांबारे सरांचा फायदा काय होता, ते आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढे कुणावर अन्याय नको. एक तर, घरात टेलिफोन आहे हे गल्लीला सांगत बसायला नको; दिवाच सांगेल. दुसरे, तो टेलिफोन जिवंत आहे की मेला, हे आरामखुर्चीतून न उठता कळेल. आणि तिसरा फायदा, जो सर कुणाला सांगत नव्हते पण गल्लीला पाठ होता, तो म्हणजे सौंसरच्या शाळेतली प्राचार्याची खुर्ची. खर्चाच्या बाजूला काय, तर ज्वारीच्या दाण्याएवढा एक दिवा, हातभर वायर आणि चौकटीला एक भोक. भाजीवालीशी हुज्जत घातल्याशिवाय ज्यांनी जन्मात कोथिंबिरीची काडी घरी आणली नाही, ते सर असा सौदा सोडतील?

खुर्चीची गोष्ट अशी. सरांची बढती पक्की होती. कुठे, ते पक्के नव्हते. सौंसर मिळाले तर पांढुर्ण्याहून रोज बसने जा-ये, संध्याकाळी आपल्याच ओट्यावर. नाही मिळाले तर तामियाच्या पलीकडचे एक डोंगरातले गाव, जिथे बस जाते पण परत येईल याची हमी ड्रायव्हरही देत नाही. छिंदवाड्याच्या शिक्षण ऑफिसातल्या बडे बाबूंना, म्हणजे तिथल्या मोठ्या कारकुनांना, सर संत्री घेऊन भेटून आले होते. बडे बाबू संत्रे सोलता सोलता म्हणाले, "देखिए सांबारे जी, लिस्ट टाइप होने से पहले फोन करूँगा. आप हाँ बोलेंगे, सौंसर लिख दूँगा. फोन नहीं लगा तो मैं किसको ढूँढ़ता फिरूँ? दूसरा नाम चढ़ जाएगा."

"अहो, फोनची वाट कायले पाहता?" उर्मिलाबाई म्हणाल्या. "सकाळच्या बसनं जा, त्याच्या ऑफिसातल्या बाकावर बसून रहा. तोंडासमोर मानूस असला का कोनी विसरत नाही."

सरांनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू त्यांनी सरांना स्टँडवर शेंगा विकायला सांगितले. ज्याच्या घरी फोन नाही त्याने बाकावर बसावे. ज्याच्या घरी आहे, त्याने बसची धूळ खावी कशाला? मग फोन घेतला कशाला? हा शेवटचा प्रश्न उर्मिलाबाईही विचारत असत, पण वेगळ्या सुरात.

फोनची मात्र एक खोड होती. तो मधूनमधून मरत असे. तार संत्र्यांच्या बागांवरून येत होती. वारा सुटला, फांदी टेकली, माकडाने झोका घेतला, की फोन गेला. आणि मेलेला फोन अगदी जिवंतासारखाच दिसतो: तोच काळा रंग, तेच वजन, वर तेच क्रोशाचे झाकण. म्हणून सर दर थोड्या वेळाने रिसीव्हर उचलून कानाला लावत. त्या काळी पांढुर्ण्यात रिसीव्हर उचलला की एक्सचेंजमधल्या बोर्डावर त्या घराच्या नावाचा बारका दिवा लागे, आणि ऑपरेटर प्रेमलताबाई विचारत, "नंबर?" मग त्या हाताने जोडून देत.

"नंबर?"

"नंबर नाही. चालू आहे का ते पाहत होतो."

दिवसभरात असे अनेकदा झाल्यावर प्रेमलताबाई एकदा शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही वर्गातल्या पोराईले दर घडीले उठवून इचारता का, का बाबू, तू जित्ता हाय का म्हणून? आता काम असल्याशिवाय उचलू नका. मले दुसरेबी लोक हायेत."

एका बाईने, तीही सरकारी खुर्चीवर बसून, आपल्याला असे बोलावे! सरांनी त्या दिवशी जेवताना वरणात मीठ नसल्याचे लक्षात आणून दिले नाही, इतके ते दुखावले होते. आणि त्यांनी ठरवले, यापुढे रिसीव्हर उचलायचाच नाही. न उचलता फोनची नाडी कळली पाहिजे.

इथे विनायक येतो. विनायक बाजारात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करी. पोस्टाने शिकवणाऱ्या एका कोर्सचे अर्धे धडे त्याने वाचले होते. उरलेले अर्धे पोस्टातच हरवले. त्या हरवलेल्या धड्यांत काय होते, हे त्याच्या गिऱ्हाइकांना हळूहळू कळत असे. तो नुकताच नागपूरहून, सीताबर्डीच्या दुकानातून, मूठभर लाल एलईडी घेऊन आला होता आणि गावात जे दिसेल त्याला ते लावत सुटला होता: टेपला, सायकलीला, एका हौशी माणसाच्या देवघरातल्या गणपतीच्या दोन्ही डोळ्यांना.

"हा बलब नाही जी, एलईडी होय," त्याने सरांना समजावले. "आयुष्यभर जात नाही. फोनच्या लाइनीतच करंट रायते, तोच याले पाजतो. लाल लागून हाय म्हंजे लाइन जित्ती. गुल झाला म्हंजे मेली. मिचमिच करून राहिला म्हंजे घंटी. सांगा, याच्याहून सोपं काय?"

"आणि विजेचं बिल?"

"सरकारच्या करंटवर. फुकट."

फुकट हा शब्द ऐकला आणि सरांचा विज्ञानावरचा विश्वास पूर्ण झाला.

दिवा लागला. खरे सांगायचे तर तो पहिला दिवा चांगला होता. विनायकने सोबतच्या कागदावरचे चित्र पाहून त्याच्यासोबत एक मोठा रेझिस्टन्स लावला होता, म्हणजे करंटच्या वाटेत बसवलेला अडथळा; त्यामुळे दिवा घोटभरच प्यायचा आणि मंद जळायचा. फोन आपला चालू. सर ते पाहून इतके खूश झाले, की अर्धा तास खुर्चीत बसून, काही होत नाही, हेच पाहत राहिले.

पण दिवा बैठकीच्या आत होता, आणि आतला दिवा बघायला फक्त उर्मिलाबाई. शेजारचे यशवंतराव, निवृत्त कानूनगो, सकाळचा पेपर वाचायला येत (पेपर सरांचा), त्यांनी दिव्याकडे पाहून मान हलवली. यशवंतरावांनी नोकरीत दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्तीनंतर ते दुसऱ्यांच्या चुका मोजत.

"रघुनाथराव, आत कायले टांगला? डॉक्टरची पाटी कोनी माजघरात लावते का? भायेर लावा. लोकाईले दिसू द्या. सौंसरचे प्राचार्य होऊन राहिले तुम्ही, घरावर काही निशाणी पायजे का नाही?"

सल्ला फुकट होता, म्हणून सरांनी तोही घेतला. दिवा चौकटीवर आला. दुसऱ्या दिवशी समोरच्या शकुंतलाबाई तो बघायला मुद्दाम चष्मा लावून आल्या. त्यांचा मुलगा नागपूरला होता आणि सांबारे सरांच्या फोनवर त्यांचा जीव होता.

"कुठं हाय जी दिवा?"

"हा काय, समोर."

शकुंतलाबाईंनी नाक चौकटीला टेकवले. "अगं बाई! मले वाटलं ढेकूण होय. मी आता मारतच होती."

यशवंतराव पेपरामागे हसले. पेपर हलला, त्यावरून कळले. सर संध्याकाळी विनायकच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "कोपऱ्यावरून दिसला पाहिजे. भर दुपारी. नाहीतर काढून टाक."

"एवढंच ना? ताकद वाढवून देतो."

ताकद वाढवणे म्हणजे काय, तर विनायकने तो रेझिस्टन्स काढून एक अगदी बारका लावला, आणि एका दिव्याच्या जागी एलईडींचा झुबकाच बसवला. रेझिस्टन्स मुळात कशासाठी असतो, ते बहुधा हरवलेल्या धड्यांत असावे. वर सरांच्या सांगण्यावरून आतल्या बाजूला, कॅलेंडरमागे, एक गुपचूप बटन, दिवा हवा तेव्हा विझवायला.

बटनाचे कारण उर्मिलाबाईंनी एका वाक्यात सांगितले होते. "कोनी फोन कराले आलं का आपन सांगत होतो, फोन बंद हाय. घरात एकच खोटं होतं कामाचं, ते तुम्ही दारावर टांगून ठेवलं."

एका सकाळी हा झुबका असा पेटला की कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरचे लोक वळून पाहू लागले. सरांनी फोनसाठी लाकडी पेटी करून घेतली होती, तिला कुलूप लावले, किल्ली जानव्याला बांधली, आणि जाहीर केले, की छिंदवाड्याचा ट्रंक कॉल येईपर्यंत फोनला कोणी हात लावायचा नाही. लाइन मोकळी ठेवायची आहे.

लाइन त्या क्षणापासून मोकळी नव्हती. पण ते सांगणारे कुणी नव्हते, कारण दिवा तर जळत होता.

त्याच सकाळी शकुंतलाबाई आल्या. "सर, दिवा मस्त लागून हाय जी. नागपूरले दोन मिनिटं लावून द्या ना. पोराले ताप हाय म्हणते. बोर्डिंगमधी फोन हाय त्याच्या."

मागे यशवंतराव, पेपर घेऊन. दोघांच्या देखत सर आत गेले, कॅलेंडरमागे हात घातला, आणि बाहेर येऊन चौकटीकडे पाहत चेहरा पाडून म्हणाले, "अरेरे! गेला. आत्ताच गेला बघा. माकड असेल तारेवर."

शब्द संपतो न संपतो तोच पेटीतून घंटी खणखणली.

मेलेला फोन इतक्या जोरात वाजतो, हे त्या गल्लीने प्रथमच ऐकले. सर किल्ली शोधू लागले. किल्ली जानव्याला, जानवे बनियनच्या आत, बनियन सदऱ्याच्या आत. यशवंतराव म्हणाले, "माकडाचाच असंल. उतरलो म्हणून सांगत असंल."

कसेबसे कुलूप उघडले. पलीकडे प्रेमलताबाई.

"सर, सकाळपासून रिसीव्हर काढून ठेवला होता का जी? तुमचा दिवा माझ्या बोर्डावर जळूनच राहिला होता. आता कुठं गेला, म्हणून घंटी दिली. रिसीव्हर नीट ठेवत जा."

"मी? रिसीव्हर?" सरांचा आवाज व्याख्यानाच्या पट्टीत गेला. "फोन पेटीत आहे, पेटीला कुलूप आहे, किल्ली माझ्या छातीवर आहे! आधी उचलू नका म्हणून बोलता, आता उचलला म्हणून बोलता? मी शिक्षक आहे बाई, तुमच्या बोर्डावरचा बल्ब नाही!"

"बरं. तुमची मर्जी," प्रेमलताबाई म्हणाल्या आणि ठेवून दिला.

उर्मिलाबाई दारातून पाहत होत्या. "अहो, एक सांगू का? तुम्ही दिवा बंद केला, तवाच घंटी वाजली. सकाळपासून लागून होता तर एकदाही नाही. आजउद्या दिवा बंदच ठेवा. दिव्याले काय, तो नंतरही लागते."

माणसाच्या आयुष्यात शहाणपण क्वचित दारापर्यंत येते. सरांच्या घरी ते स्वयंपाकघरातून आले, म्हणून त्यांनी ते ओळखले नाही. "तुला त्यातलं काय कळतं?" ते म्हणाले. "दिवा म्हणजे लाइन. लाइन म्हणजे सौंसर. दिवा बंद म्हणजे सौंसर बंद." शिवाय शेजाऱ्यांपुढे खोटे उघडे पडल्याची लाज होतीच. ती झाकायला एकच उपाय: यापुढे दिवा कधीच विझवायचा नाही. त्यांनी बटन दाबले, झुबका पेटला, आणि एक्सचेंजमध्ये प्रेमलताबाईंच्या बोर्डावर सांबारे सरांच्या नावाचा दिवाही पेटला. त्यांनी तिकडे एकदा पाहिले आणि दुसऱ्या कामाला लागल्या.

यादी टाइप व्हायच्या दिवशी सरांनी शाळेतून रजा घेतली, इस्त्रीचा सदरा घातला आणि पेटीचे कुलूप आधीच काढून ठेवले. पेटीसमोर उदबत्ती. ओट्यावर यशवंतराव आले, शकुंतलाबाई आल्या, आपली कामगिरी पाहायला विनायकही आला. सर "हाँ" म्हणण्याचा सराव करत होते. पहिला हाँ फार घाईचा वाटला, म्हणजे हपापल्यासारखा. दुसरा फार थंड.

"जी हाँ म्हणा," यशवंतरावांनी सुचवले. "नुसता हाँ उद्धट वाटते. आन् लगेच म्हणू नका. थोडे थांबा. विचार करून राहिलो असं दाखवा."

"थांबू नका जी," शकुंतलाबाई म्हणाल्या. "ट्रंक कॉल हाय. थांबले तर कटून जाते."

यावर वाद झाला. वादात चहा झाला, पुन्हा वाद, पुन्हा चहा. उर्मिलाबाई कपबशा विसळत होत्या आणि दर खेपेला दिव्याकडे असे पाहत, जसे आपण न बोलावता राहायला आलेल्या पाहुण्याकडे पाहतो. दिवा हलला नाही, मिचमिचला नाही, मंदावला नाही.

"काय स्टेडी हाय, पाहा," विनायक कौतुकाने म्हणाला. "लाइन एकदम फस क्लास. असा दिवा नागपूरलेबी नाही."

"मग घंटी काऊन नाही?" उर्मिलाबाईंनी विचारले.

"ते आता तिकडून कोनी फोन केला तर येईन ना वहिनी. त्याच्यात दिव्याचा काय दोष?"

हे सगळ्यांना पटले. दिवा पेटला आहे, म्हणजे फोन चालू आहे. फोन चालू आहे आणि वाजत नाही, म्हणजे छिंदवाड्याहून कुणी केलाच नाही. केला नाही, म्हणजे यादी अजून झाली नाही. सर तर्कशास्त्र शिकवत नसत, पण त्या दिवशी त्यांनी ते ओट्यावर निर्दोष मांडून दाखवले. ऑफिस बंद व्हायची वेळ झाली, उदबत्तीची राख पेटीवर पडली, आणि मंडळी, सरकारी कामे अशीच असतात, असे एकमेकांना सांगत घरी गेली.

शनिवारी सर जामसांवलीला गेले. मारुतीला नारळ वाहून थोडी आठवण करून द्यावी, एवढाच हेतू. चपला ठेवायला वाकले, तर शेजारी दुसरी एक जोडी काढत होते साक्षात बडे बाबू. सरांना वाटले, देव इतक्या लवकर पावत असेल तर नारळ लहान आणला.

"नमस्कार, नमस्कार! आपण फोन..."

बडे बाबूंनी त्यांच्याकडे पाहिले ते सलाम न करणाऱ्या शिपायाकडे पाहावे तसे. "फोन? अरे भाई साहब, दिनभर फोन ही तो करता रहा. एक्सचेंज की बहनजी बोलीं, पार्टी ने रिसीवर निकालकर रख दिया है. दोपहर में बोलीं, रिसीवर निकला हुआ है. शाम को भी वही. सौंसर नहीं चाहिए था तो मना कर देते. मुझे बहनजी के सामने क्यों बेइज़्ज़त किया?"

"नाही हो! मैं तो... दिवा तो जल रहा था! पूरा दिन जल रहा था!"

"कौन-सा दिया?"

हे समजावून सांगणे सोपे नव्हते. सरांनी हातात नारळ घेऊन प्रयत्न केला: जल रहा था म्हणजे चालू था, मिचमिच... मिचमिच करता तो घंटी... मागे रांग खोळंबली. बडे बाबूंनी ऐकून घेतले, आणि मारुतीच्या दारात माणसाला जेवढी दया दाखवावी लागते तेवढी दाखवून म्हणाले, "चलिए, जो हुआ. लोधीखेड़ा वाले एक मास्टर साहब सुबह से मेरी बेंच पर बैठे थे. फोन-वोन कुछ नहीं उनके पास. मैंने आवाज़ दी, उन्होंने हाँ कर दी. आपका नाम तामिया की तरफ चढ़ गया है. हवा अच्छी है वहाँ की."

नारळ सरांनी वाहिला की नाही, हे कुणी पाहिले नाही. घरी आले तेव्हा तो पिशवीत नव्हता.

त्यानंतर सरांनी जे केले ते प्रत्येक मानी माणूस करतो: त्यांनी तक्रार केली. एक्सचेंजला गेले आणि काउंटरवर हात आपटून म्हणाले, माझा फोन बंद. तक्रार घेणाऱ्या माणसाने सांगितले, बंद फोनची तक्रार फोनवरून नोंदवायची असते. "बंद फोनवरून?" "शेजाऱ्याच्या फोनवरून." "शेजाऱ्यांकडे फोन असता तर ते माझ्याकडे आले असते का?" यावर त्या माणसाकडे नियम नव्हता, म्हणून त्याने लाइनमन पाठवला.

लाइनमन सायकल भिंतीला टेकवून चौकटीपुढे उभा राहिला आणि बराच वेळ झुबक्याकडे बघत राहिला. यशवंतराव पेपर घेऊन आलेच होते.

"हे काय होय जी?"

"फोन चालू आहे की बंद, ते दाखवतो," सर म्हणाले. आवाजात अजून थोडा अभिमान होता, सवयीचा.

"अन् आता काय दाखवून राहिला?"

"चालू."

"अन् तक्रार कशाची हाय?"

"बंद असल्याची."

लाइनमनने पक्कड काढली. "रिसीव्हर उचलला का लाइनीतून जेवढा करंट जाते, तेवढा तं हाच पिऊन राहिला. एक्सचेंजले वाटते, तुम्ही रातंदिवस रिसीव्हर कानाले लावून बसले. हा लागून हाय तोवर तुम्हाले कोनाचाच फोन येनार नाही. अन् सरकारच्या लाइनीले बिना परवानगी काही जोडता येत नाही, ते वेगळं." त्याने कट्कन वायर तोडली, झुबका खिशात टाकला आणि निघाला.

"म्हंजे तो दिवा," यशवंतराव सावकाश म्हणाले, "तसा खोटं बोलून राहिला नव्हता. लाइन जित्ती होती म्हणून तं जळून राहिला होता. फक्त दुसऱ्या कोनाले येऊ देत नव्हता."

उर्मिलाबाईंनी चौकटीतले भोक तेवढे चिंधीने बुजवले. सरांना तेच जास्त लागले. त्यांनी दोन दिवस वाट पाहिली, बाई कधी म्हणतात, मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या ते एवढेच, "तिकडे थंडी जास्त रायते म्हणे. गोधडी दोन टाकू का तीन?"

तर झाला हिशेब. विनायकचे काही गेले नाही; तो अजून सांगतो, सांबारे सरांकडचा दिवा गावात सगळ्यात झकास चालला, कमजोर होती ती सरकारची लाइन. यशवंतरावांचे काही गेले नाही. पेपर अजून सरांच्याच नावावर येतो, फक्त आता घडी मोडायचा मान त्यांचा. शकुंतलाबाईंना तर लाभच झाला. सर तामियाकडे गेल्याच्या दुसऱ्या दिवशी उर्मिलाबाईंनी फोन पेटीतून काढला, पेटीत कांदे भरले, आणि गल्लीला सांगून टाकले, या, बोला, पण एकेकानं. तेव्हापासून नागपूरचा ताप, सौंसरची सोयरीक, तिगावच्या सुनेचे डोहाळे, सगळे तिथूनच चालते. प्रेमलताबाईही मोकळ्या वेळात उर्मिलाबाईंशी दोन शब्द बोलतात. लोधीखेड्याचे मास्तर प्राचार्याच्या खुर्चीत बसतात. बाकाची सवय असल्याने त्यांना ती फार मऊ वाटते म्हणे.

आणि रविवारी सकाळी तामियाच्या पोस्टात एक गृहस्थ कानटोपी घालून येतात, पांढुर्ण्याचा ट्रंक कॉल बुक करतात, आणि बाकावर बसून राहतात. दर थोड्या वेळाने खिडकीतला बाबू मान बाहेर काढतो. "साहब, आपका नंबर इंगेज है. घर में कोई बात कर रहा है." गृहस्थ म्हणतात, "ठीक है, रुकता हूँ." सगळ्यांच्या चुकांचे देणे त्या एकट्याकडून वसूल होत आहे, आणि डोंगरातल्या गावी परतायच्या दुपारच्या बसपर्यंत ते काही पुरे होत नाही.